अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन-विद्यालये आणि त्यांतील निदेशकाची अध्यापनपद्धती

अध्यापनशास्त्राचे जे इतिहास आपल्या विद्यापीठांतून वाचले जातात, त्यांत रूसो, पेस्टालोझी, हर्बार्ट, फ्रोबेल ही परंपरा सविस्तर येते. हाताने करावयाच्या कामाचे शिक्षण त्यांत आलेच, तर ते सुतारकाम किंवा सूतकताई यांच्या रूपाने येते. केस कापणे, धुणे, कुरळे वा सरळ करणे, त्वचेची व नखांची निगा राखणे ही कामे शिकविणाऱ्या शाळांकडे मात्र या इतिहासकारांचे लक्ष सहसा गेलेले नाही. विषय थिल्लर वाटतो, हे त्याचे एक कारण असावे; तो बहुतांशी स्त्रियांचा आहे, हे दुसरे. वस्तुतः अध्यापनशास्त्रातील एक अवघड प्रश्न या शाळांत जितक्या उघडपणे समोर येतो, तितका तो अन्यत्र क्वचितच येत असेल. पाटीवरचे अक्षर चुकले तर पुसता येते. सुताराच्या उमेदवाराची करवत घसरली तर एक फळी वाया जाते. येथे विद्यार्थिनीच्या हाताखाली एक जिवंत माणूस बसलेला असतो, त्याने पैसे मोजलेले असतात, आणि त्याच्यापुढे आरसा असतो. ही खोली एकाच वेळी वर्गही असते आणि दुकानही. तिच्यात शिकविणाऱ्या निदेशकाची पद्धती, आणि वर्गाची व्यवस्था राखण्याच्या त्याच्या रीती, या दुहेरीपणातून कशा घडत गेल्या, याचा अमेरिकेपुरता मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ पुरुषांच्या केशकर्तनापासून करणे भाग आहे. १८९३ साली ए. बी. मोलर याने शिकागो येथे न्हावीकाम शिकविणारी शाळा काढली. या जातीची ती पहिली शाळा मानली जाते. तोपर्यंत हे काम तेथेही उमेदवारीनेच शिकले जात असे. पोऱ्याने दुकान झाडावे, पाणी तापवावे, गिऱ्हाइकाच्या गालावर साबणाचा फेस करावा, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावावा आणि बराच काळ नुसते पाहत राहावे. मग कधीतरी वस्तरा हाती यावा. आपल्याकडील नाभिक कुटुंबांत बापाच्या धोकटीजवळ बसून मुलगा शिकत असे, त्याहून ही रीत फारशी वेगळी नव्हती. मोलरने हा दीर्घ काळ काही आठवड्यांवर आणला. त्याची युक्ती साधी होती. सरावासाठी माणसे लागतात. ज्यांना पूर्ण दर परवडत नाही अशी माणसे शहरात मुबलक असतात. त्यांनी विद्यार्थ्याच्या हाती मान द्यावी आणि त्या बदल्यात काम फुकट वा नाममात्र दरात करून घ्यावे. विद्यार्थ्याकडून शुल्क घ्यावे ते वेगळेच. न्हाव्यांच्या संघटनेने या शाळांना कडवा विरोध केला. कच्च्या हातांची गर्दी होऊन मजुरी उतरेल ही त्यांची भीती निराधार नव्हती. १८९७ साली मिनेसोटा राज्याने न्हाव्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. देशातील तो पहिला कायदा होय. मोलरच्या शाळांच्या शाखा अनेक शहरांत निघाल्या आणि स्त्रियांची केशरचना, नखे, चेहऱ्याचे मर्दन हे विषयही त्यांत आले.

भाषेच्या अभ्यासकाला या स्थित्यंतरातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. उमेदवारीची भाषा दर्शक सर्वनामांची असते: ‘असं धर’, ‘एवढंच घे’, ‘इकडून, अजून थोडं’. हात समोर असतो तोवर या शब्दांना अर्थ असतो. मोलरने शाळेबरोबर पुस्तकही काढले, आणि पुस्तकात हात नसतो. म्हणून जे कधी बोलले गेले नव्हते, त्याला नावे द्यावी लागली. पुढील काळच्या पाठ्यपुस्तकांत दाढीसाठी चेहऱ्याचे १४ भाग पाडलेले दिसतात आणि प्रत्येक भागासाठी वस्तऱ्याची धरण्याची रीत व ओढण्याची दिशा सांगितलेली असते. वळविलेल्या बटेचेही असेच. चिमट्याने डोक्याला बसविलेल्या एका बटेचे तीन अवयव मानले गेले: तळ, देठ आणि वलय, आणि देठ जितका लांब तितकी बट अधिक मोकळी हलते, असा नियम बांधला गेला. ज्याला आपण मराठीत ‘हात बसणे’ म्हणतो, त्या अनुभवाचे हे व्याकरण होय. व्याकरण पाठ करून भाषा येत नाही, हे खरे. पण व्याकरणावाचून परीक्षा घेता येत नाही. परवान्याच्या कायद्यांमुळे परीक्षा तर अटळ झाली होती.

मोलरच्या वर्गात जे व्याकरण शिकविले जाई, ते मात्र एकाच प्रकारच्या केसांचे होते. मार्जोरी स्ट्यूअर्ट जॉयनर (१८९६–१९९४) ही १९१६ साली शिकागोच्या मोलर-शाळेतून उत्तीर्ण झालेली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. तिने लगोलग स्वतःचे दुकान थाटले आणि कौतुकाने सासूचे केस करावयास घेतले. ते तिला जमले नाहीत. कारण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांविषयी शाळेने तिला काहीच शिकविले नव्हते. सासूने मग स्वतः पैसे भरून तिला मॅडम सी. जे. वॉकर यांच्या वर्गाला पाठविले. प्रमाणपत्रात न दिसणारी अभ्यासक्रमातील उणीव सासूच्या डोक्यावर दिसली, असे म्हणावयास हरकत नाही. या उणिवेचे आयुष्यही थोडेथोडके नव्हते: परवान्याच्या अभ्यासक्रमात सर्व पोतांच्या केसांचे शिक्षण सक्तीचे करणाऱ्या न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली ती २०२३ साली.

वॉकरबाई (मूळ नाव सेरा ब्रीडलव्ह, १८६७–१९१९) आणि ॲनी टर्न्बो मलोन (१८६९–१९५७) या दोघींनी जी दुसरी परंपरा उभी केली, तिचे महत्त्व केवळ व्यापारी नव्हते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रीला त्या काळी धुणेभांडी, स्वयंपाक आणि शेतमजुरी यांखेरीज उपजीविकेचे मार्ग जवळजवळ नव्हते. वॉकरबाई स्वतः अनेक वर्षे लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत होत्या. १९०८ साली त्यांनी पिट्सबर्ग येथे आपल्या मुलीच्या नावाने लीलिया कॉलेज काढले. ज्यांना तेथवर येणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी टपालाने अभ्यासक्रम पाठविण्याची सोय केली. मलोनबाईंचे पोरो कॉलेज १९१८ साली सेंट लुई येथे भव्य इमारतीत सुरू झाले. तेथे केसांच्या कामाबरोबर चालावे कसे, बोलावे कसे, वेष कसा असावा, हेही शिकविले जाई. आजच्या वाचकाला हे जाचक वाटेल, आणि काही अंशी ते जाचक होतेही. परंतु ज्या स्त्रीला परक्या घरात मागच्या दाराने शिरावे लागत होते, तिला ‘तू व्यावसायिक आहेस, तशी उभी राहा’ असे सांगणारा वर्ग तिच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच होता. वर्गातील शिस्तीचे मूल्य ती कोणत्या समाजात पाळली जाते, यावर ठरते.

नावांच्या बाबतीत वॉकरबाई फार दक्ष असत. केस सरळ करणारी बाई, हे आपले वर्णन त्यांना मान्य नव्हते. आपण केसांची जोपासना शिकवितो, अशी त्यांची भूमिका होती आणि तिच्या अनुयायिनींनी स्वतःस ‘केशसंवर्धक’ म्हणविले. हळूहळू या साऱ्या धंद्याला ‘सौंदर्यसंवर्धन’ आणि त्यानंतर ‘कॉस्मेटॉलॉजी’ हे नाव रूढ झाले. ग्रीक ‘कॉस्मॉस’ म्हणजे सुव्यवस्था, आणि त्यावरून शृंगार. आपल्या ‘प्रसाधन’ शब्दाची गतीही निराळी नाही. साध् म्हणजे सिद्धीस नेणे. त्यावरून नीट करणे, नटविणे. अमरकोशात तर ‘प्रसाधनी’ म्हणजे फणी. दोन्ही भाषांना व्यवस्थेतूनच सौंदर्य सुचले, हा योगायोग खरा, पण सौंदर्यशाळेच्या निदेशकाला तो मनोमन पटावा. त्याच्या दिवसाचा मोठा भाग व्यवस्थेतच जातो.

आतापर्यंत शिकविणारे ते, ज्यांना काम येत होते. काम येणे आणि शिकविता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हा विचार या क्षेत्रात बाहेरून आला. १९१७ च्या स्मिथ–ह्यूज कायद्याने अमेरिकेत व्यवसायशिक्षणास संघीय अनुदान सुरू झाले. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धासाठी जहाजे बांधण्याची घाई उडाली आणि गोद्यांतील कुशल कामगारांना रातोरात शिक्षक बनविण्याची निकड भासली. त्या कामातील अनुभवावर चार्ल्स ॲलन याने १९१९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पाठाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि परीक्षण. विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे त्याच्याशी नवा विषय जोडावा. करून दाखवावे व सांगावे. त्याच्याकडून करवून घ्यावे. शेवटी मदतीशिवाय करावयास लावून पाहावे. आपल्या अध्यापक-महाविद्यालयांत घोकली गेलेली ‘हर्बार्टची पंचपदी’ ज्यांना आठवते, त्यांना या चौपदीचे मूळ ओळखता येईल. (खुद्द हर्बार्टने चारच अवस्था मानल्या होत्या, पाचाची संख्या त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांची.) दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांसाठी याच चौपदीची आणखी सुटसुटीत आवृत्ती निघाली आणि युद्धानंतर ती देशोदेशी पसरली. भारतात १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातील शिक्षकांच्या प्रशिक्षणातही या चार पायऱ्या आहेत, आणि पुढे याच योजनेत केस व त्वचा यांच्या निगेचा व्यवसायही समाविष्ट झाला. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या शिक्षकाला ‘शिल्प निदेशक’ म्हणतात. हा शब्द मला चांगला वाटतो. ‘दिश्’ म्हणजे दाखविणे. निदेशक म्हणजे दाखविणारा. ‘निदेश’ याचा दुसरा अर्थ आज्ञा असा आहे, आणि दाखविणाऱ्याला प्रसंगी आज्ञाही करावी लागतेच.

आता करून दाखविणे ही दुसरी पायरी सौंदर्यशाळेत कशी घडते, ते पाहावे. निदेशक खुर्चीमागे उभा असतो, खुर्चीत नमुन्यादाखल बसलेली व्यक्ती किंवा पुतळ्याचे डोके, पुढे आरसा. विद्यार्थिनी खुर्चीच्या समोरून पाहू लागल्या, तर त्यांना डाव्याचे उजवे दिसते. भांग ज्या बाजूला पाडला त्याच्या विरुद्ध बाजूला तो पाडावा, असा त्यांचा समज होतो. निदेशकाच्या पाठीशी उभे राहून आरशात पाहिले, तर बाजू जागच्या जागी राहतात, पण पुढे-मागे उलटते: कपाळाकडे येणारी कात्री आरशात दूर जाताना दिसते. नवशिक्या हाताची निम्मी गडबड येथे होते. म्हणून पाठ सुरू करण्यापूर्वी कोणी कोठे उभे राहावयाचे, हे ठरविणे ही वर्गशिस्तीची बाब नसून अध्यापनाचीच बाब आहे. आणि डावे-उजवे म्हणजे कोणाचे, खुर्चीत बसलेल्याचे की काम करणाऱ्याचे, हा करार निदेशकाला पहिल्या दिवशीच करून घ्यावा लागतो. शिवाय निदेशकाचा हात सवयीने वेगाने चालतो. ज्याचा हात पक्का बसला आहे, त्याला आपण मध्ये एक सूक्ष्म हालचाल करतो याचे भानही उरत नाही, आणि नेमकी तीच हालचाल विद्यार्थिनीला हवी असते. ॲलनच्या चौपदीत कामाचे टप्पे आधी कागदावर मांडण्यावर जो भर आहे, त्याचे कारण हेच. ज्ञात्याने आपल्या ज्ञानाला काही काळ परके व्हावे, अशी ती अपेक्षा आहे.

तिसरी पायरी उपयोजनाची, आणि खरा पेच येथेच आहे. गोदीतील उमेदवार लोखंडावर हात चालवितो. सौंदर्यशाळेतील विद्यार्थिनी पुतळ्यावरून लवकरच गिऱ्हाइकाकडे येते. तिची चूक निदेशकाला दिसते. ती तिथेच सुधारली पाहिजे. पण ‘चुकलीस’ असे म्हटले, तर गिऱ्हाईक दचकते, विद्यार्थिनी खचते आणि शाळेचे नावही जाते. तेव्हा अनुभवी निदेशक एकाच वाक्यात दोन श्रोत्यांशी बोलावयास शिकतो. फणी सहज आपल्या हाती घेतो, गिऱ्हाइकाला काहीतरी विचारतो, दोन हात फिरवून दाखवितो, आणि ‘आता या बाजूला असेच’ म्हणून फणी परत देतो. विद्यार्थिनीला कळते, गिऱ्हाइकाला कळत नाही. समाजभाषाविज्ञानात ज्याला भाषाव्यवहाराची पातळी बदलणे म्हणतात, त्याचे इतके नेमके उदाहरण सहसा हाती लागत नाही. एका खोलीत अनेक खुर्च्या चालू असताना प्रत्येकीपाशी नेमक्या क्षणी पोहोचणे, रसायन लावलेल्या डोक्याची वेळ ध्यानात ठेवणे, रिकाम्या बसलेल्या विद्यार्थिनीला काम देणे आणि भरवेगात असलेलीला थांबविणे, हे सारे त्याच निदेशकाने करावयाचे असते.

न लाजविता शिकविण्याची ही हातोटी या खोलीबाहेरही कामी आली, याचे एक उदाहरण नमूद करण्याजोगे आहे. दक्षिण कॅरोलायनात मतदारयादीत नाव नोंदविण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. निरक्षर कृष्णवर्णीय प्रौढांना त्यामुळे मताधिकार उरत नसे. जानेवारी १९५७ मध्ये जॉन्स बेटावर त्यांच्यासाठी पहिली नागरिकशाळा निघाली, तेव्हा शिकविण्यासाठी बर्निस रॉबिन्सन यांची निवड झाली. त्या सौंदर्यव्यावसायिक होत्या. शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांना नव्हते, आणि संयोजकांना तेच हवे होते. त्यांची मिळकत गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे. पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हाला काय शिकावयाचे आहे, असे विद्यार्थ्यांनाच विचारले. कोणाला आपले नाव लिहावयाचे होते, कोणाला बायबल वाचावयाचे होते, कोणाला दुकानाच्या सूचिपत्रातील मागणीचा कागद भरावयाचा होता. पाठ तेथूनच सुरू झाले. खुर्चीत बसलेल्याला प्रथम ‘काय हवे?’ असे विचारण्याची सवय पंचपदी घोकलेल्या शिक्षकाला सहसा नसते.

जॉयनर यांची पुढील कारकीर्द या विषयाच्या दृष्टीने एका माणसात सामावलेला इतिहासच आहे. वॉकर कंपनीच्या सुमारे २०० शाळांच्या देखरेखीचे काम त्यांच्याकडे आले. इलिनॉय राज्याचे या व्यवसायाविषयीचे पहिले कायदे घडविण्यात त्यांचा हात होता. १९२८ साली केस दीर्घकाळ कुरळे ठेवणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांना मिळाले, पण त्याचे हक्क कंपनीकडे गेले. १९४५ मध्ये मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या साह्याने त्यांनी सौंदर्यशाळांचे चालक आणि शिक्षक यांची संघटना स्थापिली. चालक आणि शिक्षक एकाच संघटनेत असावेत, याचे त्या काळी कोणास वावगे वाटले नसावे, कारण पुष्कळदा ती एकच व्यक्ती असे. बेथ्यून-कुकमन महाविद्यालयाची पदवी त्यांनी १९७३ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी मिळविली.

परवान्याचे कायदे राज्याराज्यांत होत गेले, तसे शिक्षण तासांत मोजले जाऊ लागले. कॅलिफोर्नियात दीर्घकाळ १६०० तास लागत. २०२२ पासून ते १००० वर आणले गेले. अनेक राज्यांनी निदेशकासाठीही वेगळा परवाना व शिकविण्याच्या शिक्षणाचे वेगळे तास ठरविले. १९३८ साली मिलेडी प्रकाशनाचे प्रमाण पाठ्यपुस्तक निघाले आणि देशभर अभ्यासक्रमास एकसारखेपणा येत गेला. तासांच्या हिशेबाचा एक परिणाम मात्र अध्यापनाला अनुकूल नव्हता. विद्यार्थिनीने काय आत्मसात केले यापेक्षा ती किती वेळ खोलीत होती, याची नोंद अधिक काटेकोर झाली. तास भरावयाचे असतील, तर ते ज्या कामाने भरतील ते काम चालते. गिऱ्हाईक आहे तोवर ठीक. नसेल तेव्हा केर काढणे, टुवाल धुणे व घड्या घालणे, मांडणीवर बाटल्या लावणे. मोलरच्या आधीचा पोऱ्या अशा रीतीने शाळेत परत आला. फरक इतकाच, की आता तो शुल्क भरीत होता.

एकविसाव्या शतकात हा प्रश्न न्यायालयांपुढे गेला. १९४७ च्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेत शिकाऊ म्हणून काम करणाऱ्यांना किमान वेतनाच्या कायद्याखालील कामगार मानले नव्हते. त्याच्या आधारे, शिकणाऱ्याच्या कामाचा प्रमुख लाभ कोणाला होतो, ही कसोटी पुढे विकसित झाली. १९०५ साली सुरू झालेल्या मॅरिनेलो या जुन्या विद्यालयसमूहातील विद्यार्थ्यांनी, आपण गिऱ्हाइकांची जी कामे केली त्यांचे वेतन मिळावे, असा दावा लावला. संघीय शिक्षणखात्याने साह्य थांबविल्यानंतर हा समूह २०१६ मध्ये बंद पडला. २०१७ साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की हे काम त्यांच्या शिक्षणाचा व परवान्यासाठी लागणाऱ्या तासांचा भाग होते. प्रमुख लाभ विद्यार्थ्यांचाच, म्हणून ते कामगार नव्हेत. त्याच वर्षी सातव्या परिमंडळाचाही निर्णय शाळेच्या बाजूने लागला. कायद्याच्या दृष्टीने ते निर्णय ठीक असतील. अध्यापनाच्या दृष्टीने मात्र त्यांनी एक गोष्ट तपासली नाही असे मला वाटते, ती ही, की विसाव्या गिऱ्हाइकाचे डोके धुताना विद्यार्थिनी काय शिकते, जे ती दहाव्याच्या वेळी शिकली नव्हती? उपयोजन कोठे संपते आणि राबणूक कोठे सुरू होते, हे तासांच्या वहीत दिसत नाही. ते निदेशकालाच दिसू शकते, आणि बहुधा निदेशकावरच खुर्च्या रिकाम्या न ठेवण्याचीही जबाबदारी असते.

मिशिगनमधील विद्यार्थ्यांच्या दाव्यात २०२० साली सहाव्या परिमंडळाच्या न्यायालयाने यापेक्षा बारीक दृष्टी दाखविली. साऱ्या शिक्षणाचा एकत्र विचार न करता, ज्या कामाबद्दल वेतन मागितले आहे तेवढ्यापुरतीच ही कसोटी लावावी, असे ठरवून त्याने प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. ती कामे केसांची नव्हतीच. साफसफाई, टुवाल, माल लावणे, अशी होती. अडचण अशी, की निर्जंतुकता व स्वच्छता हा परवान्याच्या अभ्यासक्रमातील एक मुख्य विषय आहे, आणि फणी निर्जंतुक कशी करावी, वापरलेला टुवाल कोठे ठेवावा, हे करून पाहिल्यावाचून येत नाही. सोमवारी जो टुवाल पाठ असतो, तोच गुरुवारी धुणे असू शकतो. त्या दोहोंतील सीमारेषा कोणी आखावयाची, हा प्रश्न उरतोच.